पोळ्यापासून अनंतापर्यंत

जांबात रझाकारांच्या दिवसांची गोष्ट कुणी तारखेनं सांगत नाही. म्हातारी माणसं ती सणावारांनी सांगतात. पोळ्याला काय झालं, महालक्ष्म्या कुणी बसवल्या आणि कुणी नुसती सुपारी मांडून भागवलं, अनंताच्या दिवशी बातमी कशी आली. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, निजामाचा पाडाव ‘अनंताला’ झाला असंच सांगायचे. साल विचारलं तर म्हणायचे, ‘पाऊस चांगला व्हता ते साल.’ पुढे मी हिशेब ताडून पाहिला आणि आबांचं म्हणणं तंतोतंत जुळलं. १७ सप्टेंबर १९४८, शुक्रवार, भाद्रपद शुद्ध चतुर्दशी. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता हैदराबादच्या फौजेनं लढाई थांबवली आणि दुसऱ्या दिवशी रीतसर शरणागती पत्करली.

सरकारी कागदात या लढाईचं नाव ‘ऑपरेशन पोलो’. लोकांच्या तोंडी ‘पोलीस ॲक्शन’. ज्या दुखण्याचा हा शेवट होता, त्याला आमच्याकडे ‘रझाकारी’ म्हणतात. १३ सप्टेंबरला पहाटे चार वाजता भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. तिथून १७ च्या संध्याकाळपर्यंत मोजले तर १०९ तास होतात. इतिहासाच्या पुस्तकात त्याला दीड पान मिळतं. आमच्या घरात ही गोष्ट सांगायला रात्र पुरत नसे, कारण घरची गोष्ट १३ तारखेला सुरू होतच नव्हती. ती कितीतरी आधी, पेवापासून सुरू व्हायची.

आधी गावाचं सांगतो. जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. शके १५३० च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म इथे झाला. आज गाव जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. तेव्हा जालना जिल्हाच नव्हता, तो १९८१ साली झाला. जांब होतं औरंगाबाद जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, आणि औरंगाबाद होतं निजामाच्या राज्यात. खिशात निजामाचा हाली सिक्का, सात हाली दिले तर सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणायचं. कचेरीतला कागद उर्दूत यायचा आणि तो वाचून घ्यायला गावातल्या एखाद्या जाणत्याच्या दारात बसावं लागायचं. १५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडे वऱ्हाडात झेंडा लागला, मनमाडला लागला, सोलापूरला लागला. जांबात नाही लागला. आमचं स्वातंत्र्य तेरा महिने मागे राहिलं.

निजाम मीर उस्मान अली खान यांना भारतात यायचं नव्हतं, पाकिस्तानात जाणं भूगोलानं शक्य नव्हतं. त्यांनी स्वतंत्र राहायचं ठरवलं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकारशी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला. पण तो कागदावरच राहिला. संस्थानात सत्ता हळूहळू मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनच्या हाती गेली आणि तिचा पुढारी होता कासीम रझवी. हा रझवी लातूरचा वकील. म्हणजे ज्या माणसाच्या नावानं मराठवाड्यातली लेकरं गप्प बसायची, तो मराठवाड्यातल्याच कोर्टात काळा कोट घालून उभा राहिलेला माणूस होता. त्याच्या स्वयंसेवकांची सेना म्हणजे रझाकार.

लोक नुसते सोसत बसले होते असंही नाही. आमच्या शेजारच्या परतूरला १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं होतं. सभा घ्यायलासुद्धा आधी परवानगी लागणाऱ्या राज्यात, एका लहानशा रेल्वे स्टेशनाच्या गावी लोक जमले आणि मराठीतून बोलले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली आणि जन्मताच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, बाबासाहेब परांजपे, अनंत भालेराव ही लढ्यातल्या पुढाऱ्यांची नावं आबांच्या बोलण्यात घरच्या माणसांसारखी येत. स्वामीजींना त्यांनी एकदा लांबून पाहिलं होतं, तेवढी शिदोरी त्यांना आयुष्यभर पुरली.

आता पेवाचं. युद्धाच्या काळापासून संस्थानात लेव्ही होती. पिकलेल्या धान्यातला ठरलेला वाटा सरकारला घालायचा. पीक बुडालं तरी आकडा कमी व्हायचा नाही, आणि वसुलीला येणारा माणूस जेवून-खाऊन, वर आपला वाटा घेऊन जायचा. म्हणून ज्वारी लपवायची. वाड्याच्या भिंतीत बळद होतं, पण बळद सगळ्यांना ठाऊक. पेव मात्र जमिनीत. माणूस उभा राहील एवढा खोल खड्डा, आतून कडब्यानं आणि मातीनं लिंपलेला, तोंड अरुंद. आबांनी महालक्ष्म्यांच्या आधी रात्रीतून पेव भरलं, तोंडावर फरशी टाकली, वर माती चोपली, शेणानं सारवलं आणि त्यावर गोवऱ्यांचा कलवड रचला. रझाकार धान्य शोधायला आले की बर्चीनं अंगण टोचून बघायचे, पोकळ लागतं का म्हणून. गोवऱ्या उचलायचा मात्र त्यांना कंटाळा यायचा. आबा हे सांगताना दर वेळी हसायचे आणि आजी दर वेळी म्हणायची, ‘तुमाला हसू येतंय, त्या रातीला माजे हात थरथरत व्हते.’

ही गोष्ट मला खरी कळली ती थोरल्या आत्याकडून. आबा पुरुषांसारखं सांगत: फौज, तोफा, निजाम, सरदार पटेल. आत्या तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिच्या गोष्टीत पाय होते, चिखल होता, भूक होती.

महालक्ष्म्या उठल्या आणि त्याच रात्री घर सोडायचं ठरलं. आजूबाजूच्या गावांतून धूर दिसल्याच्या बातम्या येत होत्या. खऱ्या किती, खोट्या किती, ते तपासायला कुणी थांबत नव्हतं. जायचं कुठं, तर वऱ्हाडात. वऱ्हाड म्हणजे ‘युनियन’, भारताचा मुलूख. दुधना ओलांडायची, रेल्वेचे रूळ पार करायचे, मंठ्याच्या अंगानं पूर्णेच्या उताराला लागायचं आणि पलीकडे लोणारच्या बाजूला निघायचं. तिथे आजीच्या माहेरकडचं लांबचं घर होतं. भाद्रपदाची काळी माती, पावसानं लोणी झालेली. ‘बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून पोत्यात घातल्या,’ आत्या सांगायची, ‘आसाला दोनदा वंगण दिलं, चाक बोलू नये म्हणून. धाकटा भाऊ तान्हा व्हता. माईनं बोटाला अफू लावून त्याच्या जिभेवर फिरवली.’ आजीला ती माई म्हणे. सबंध वाटेवर आजी दर थोड्या वेळानं त्या लेकराच्या नाकाखाली बोट धरून बघत होती, श्वास चालू आहे ना म्हणून. ‘अफू जास्ती झाली तर? कमी झाली तर?’ आत्या म्हणायची, ‘रझाकाराचं भ्याव पण नव्हतं तेवढं मला माईच्या त्या बोटाचं वाटलं.’

लढाईच्या कुठल्याही नकाशात हे बोट नाही. मला मात्र त्या चार दिवसांचं युद्ध आठवायचं झालं की सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे रणगाडे नंतर दिसतात, आधी हे दिसतं.

दुधनेला पाणी होतं. बैल छातीपर्यंत भिजले, गाडी तरंगल्यासारखी झाली. रुळांपाशी सगळे बराच वेळ ज्वारीच्या पिकात बसून राहिले, कारण मनमाड-सिकंदराबाद मार्गावर निजामाच्या फौजेची आणि पोलिसांची ये-जा होती. पुढे पूर्णेला नावाड्यानं माणशी कलदार मागितला. हाली घेईना. आजीनं पायातली मासोळी काढून दिली. पैलतीराला लागल्यावर आबांनी खाली वाकून माती कपाळाला लावली. इथे मला एक गोष्ट नेहमी विलक्षण वाटत आली आहे. ज्या वऱ्हाडला आमची माणसं ‘युनियन’ म्हणून जीव घेऊन पळाली, ते वऱ्हाड कागदोपत्री इंग्रजांनी निजामाकडून कायमच्या पट्ट्यानं घेतलेलं होतं आणि निजामाच्या थोरल्या राजपुत्राची पदवीच मुळी ‘प्रिन्स ऑफ बेरार’ अशी होती. नदीच्या दोन्ही काठांवर एकाच राजाचं नाव, पण एका काठावर लेकराला अफू द्यावी लागत होती आणि दुसऱ्या काठावर त्याला मोकळ्यानं रडू देता येत होतं.

मनमाडपासून उमरखेडपर्यंत सरहद्दीच्या कडेनं स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. तिथून मुलं आत जात, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळत, पोलीस ठाण्यांवर चालून जात. ३० जानेवारी १९४८ ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला, त्याच दिवशी नांदेडकडे उमरीची बँक लुटून कार्यकर्त्यांनी लढ्यासाठी पैसा उभा केला. आमच्या जिल्ह्यातल्या बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके या लढ्यात घोड्यावर बसून हत्यारं पोचवत. लोक त्यांना मराठवाड्याची झाशीची राणी म्हणू लागले. जालन्यात जनार्दन मामा नागापूरकर हुतात्मा झाले. आज १७ सप्टेंबरला जालन्यात झेंडा लागतो तो त्यांच्याच स्मृतिस्तंभापाशी. दगडाबाईंचं नाव मात्र शाळेच्या पुस्तकात मी शिकत होतो तेव्हा नव्हतं. ते असायला हवं होतं.

आत्याच्या गोष्टीत तोफा आल्या त्या लोणारकडच्या घरी. तोफा म्हणजे प्रत्यक्ष आवाज नव्हे, माणसांच्या तोंडचा. १३ तारखेला, सोमवारी, पहाटे मुख्य फौज सोलापूरकडून निघाली. तिचे सेनापती होते मेजर जनरल जयंतनाथ चौधरी. नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल उडवायच्या आत शिखांनी ताब्यात घेतला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. दुसरी फौज पूर्वेकडून, बेझवाड्याहून, म्हणजे आजच्या विजयवाड्याहून. आणि आमच्या बाजूनं मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या हाताखालच्या तुकड्या औरंगाबाद-जालन्याकडे उतरल्या. दौलताबाद गेलं, औरंगाबाद गेलं. जालना सहज पडलं नाही. तिसरी शीख पलटण, जोधपूर पायदळाची एक कंपनी आणि अठराव्या कॅव्हलरीचे काही रणगाडे लागले, तेव्हा जालना हाती आलं. तिथे गुरख्यांची एक कंपनी ठेवून बाकीची फौज पुढे लातूर आणि मोमिनाबादकडे, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे गेली. मोमिनाबादला गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार केला आणि हत्यारं खाली ठेवली.

म्हणजे जांबापुरतं पाहिलं तर लढाई हैदराबादच्या आधीच संपली होती. अंबड तालुक्यातल्या माणसाला निजाम कधी दिसलाच नव्हता. त्याला दिसायचा तो वसुलीचा गिरदावर, नाक्यावरचा शिपाई आणि खाकी कपड्यातला रझाकार. जालन्यात गुरखे उभे राहिले त्या दिवशी हे तिघंही गावाच्या वाटेवर दिसेनासे झाले. सत्ता अशी जाते. कागदावरची सही तिच्या मागून येते.

हैदराबादची शरणागती कशी झाली ते मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आबांना त्याची फार ओढ होती आणि ते मला पुस्तकातून पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावत.

१६ तारखेला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे हैदराबादची तक्रार निघाली. तक्रार ऑगस्टमध्येच दाखल झालेली होती. पण पॅरिसमध्ये बोलणी होईपर्यंत सोलापूरकडून निघालेले रणगाडे निम्म्याहून अधिक वाट कापून गेले होते. जिनांकडून मदत येईल अशी आशा निजामाच्या दरबारात काहींना होती. जिना ११ सप्टेंबरलाच कराचीत वारले होते. निजामाची नियमित फौज बावीस हजारांच्या आसपास. रझाकारांचे आकडे लाखात सांगितले जात, पण रणगाड्यापुढे भाला, तलवार आणि जुनी बंदूक घेऊन उभी केलेली ती पोरं होती. रझवीनं त्यांना लाल किल्ल्यावर झेंडा लावायची स्वप्नं दाखवली होती.

१७ ला सकाळी निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. निजामानं भारताचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुनशी यांना बोलावून घेतलं. मुनशी लढाई सुरू झाल्यापासून आपल्या घरात नजरकैदेतच होते. ज्याला चार दिवस कोंडून ठेवलं, त्याच्याशीच शेवटचं बोलायची पाळी राजावर आली. संध्याकाळी निजामानं रेडिओवरून सांगितलं: लढाई थांबवा, रझाकार संघटना बंद, भारतीय फौजेला आडवं जाऊ नका. स्वामी रामानंद तीर्थांची तुरुंगातून सुटका झाली. संयुक्त राष्ट्रांतली तक्रारही निजामानं नंतर काढून घेतली.

१८ तारखेला, शनिवारी, चारच्या सुमारास हैदराबादच्या वेशीबाहेर जनरल चौधरी आणि निजामाचे सेनापती सय्यद अहमद एल एद्रूस समोरासमोर आले. एल एद्रूस मोटारीतून उतरले, सलाम झाला, आपली फौज शरण आल्याचं त्यांनी सांगितलं. मोठा समारंभ नाही, टेबल नाही, बँड नाही. तीन वर्षांपूर्वी टोकियोच्या खाडीत अमेरिकी युद्धनौकेवर जपाननं शरणागतीवर सह्या केल्या तेव्हा सगळं जग छायाचित्रकार घेऊन उभं होतं. इथे दोन सेनाधिकारी रस्त्यात भेटले. दोघंही इंग्रजांच्या काळात घडलेले, एकमेकांची रीत ठाऊक असलेले. आबांना यातलं सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर चौधरींनी एल एद्रूसना सन्मानानं वागवलं ते. ‘हरलेल्याला मोठेपणानं वागवलं पायजे,’ ते म्हणायचे, ‘समर्थांच्या गावच्या माणसानं तर वागवलंच पायजे.’ हे वाक्य त्यांनी कुणासाठी जपून ठेवलं होतं, ते मला फार उशिरा समजलं.

लोणारकडच्या त्या घरात अनंताचं व्रत होतं. चौदा गाठींचा तांबडा दोरा कलशापाशी ठेवून पूजा झाली होती. आमच्या घरी हे व्रत नव्हतं, पण त्या घरच्या म्हातारीनं आबांच्या दंडालाही एक दोरा बांधला. दिवस कलला आणि गावातला एक माणूस पळत आला. त्याच्याकडे रेडिओ नव्हता, त्यानं ज्याच्याकडून ऐकलं त्याच्याकडेही नव्हता. कुठल्याशा मोठ्या गावात कुणीतरी रेडिओवर ऐकलं आणि रात्र पडायच्या सुमाराला ते तोंडोतोंडी सगळीकडे पसरलं. ‘निजाम शरण आला.’ आत्याला आठवत होतं ते इतकंच की माई हसली नाही. तिनं तान्ह्याला मांडीवर घेतलं आणि विचारलं, ‘मंग आता घरी कधी जायाचं?’

पुढच्या काही दिवसांत सगळे परत निघाले. या वेळी बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा होत्या. पितृपक्ष लागला होता. गावात घर जागेवर होतं. दाराची कडी तुटलेली, तांब्या-पितळेची भांडी गेलेली, जात्याचा खुंटा उपटलेला. कलवड मात्र होता तसा. आबांनी गोवऱ्या बाजूला केल्या, सारवण फोडलं, फरशी सरकवली. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, आतली हवा मारते. अर्धा दिवस तोंड उघडं ठेवून, कंदील दोरीनं खाली सोडून, तो विझत नाही हे पाहून मग आबा उतरले. ज्वारी वरून थोडी काळी पडली होती, खालची चांगली होती. त्या ज्वारीच्या भाकरी आजीनं गल्लीत ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांच्या घरी पाठवल्या. आत्याची गोष्ट कितीतरी वर्षं इथेच संपायची.

मग एकदा, मी मोठा झाल्यावर, दिवाळीच्या आधी घरात गाद्या उसवून कापूस पिंजायचं काम चाललं होतं. मशीनवाला आला होता. आत्या ओसरीवर बसून बघत होती आणि कुणी काही न विचारता म्हणाली, ‘त्या साली पिंजारी आला नाही.’

कुठल्या साली, ते विचारायची गरज नव्हती. दर वर्षी दसरा झाला की पलीकडच्या गावचा एक पिंजारी खांद्यावर कमान टाकून यायचा. आठ-दहा दिवस गावात राहून घरोघरच्या गाद्या-रजया करून द्यायचा. त्याच्याबरोबर आत्याच्या वयाची एक मुलगी यायची. बाप तार छेडायचा, कापूस उडायचा आणि दोन्ही पोरी त्या कापसात भुतं होऊन नाचायच्या. त्या साली दसरा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली. पिंजारी आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. जुन्या गाद्या तशाच वापरल्या. ‘तो रझाकार नव्हता,’ आत्या म्हणाली. ‘त्याला रझाकार हूनार कोण? त्याला दोन येळची भाकर मिळंना. कुठं गेला ते गावात कुणी इचारलं नाही. मी आबाला इचारलं, तर आबा उठून बाहेर गेले.’

मी तिच्याकडे पाहत राहिलो. इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीचा हा तुकडा मला कुणीच दिला नव्हता.

शरणागतीनंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि शेजारच्या कानडी जिल्ह्यांत मुसलमानांवर जे ओढवलं, त्याची चौकशी करायला नेहरूंच्या सांगण्यावरून एक समिती आली होती. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ही माणसं संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत हिंडली. त्यांचा अंदाज होता की पोलीस ॲक्शनच्या दरम्यान आणि नंतर किमान सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसं मेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांची दशा सर्वांत वाईट होती. अहवाल सरकारनं दाबून ठेवला, तो लोकांच्या नजरेला पडायला कित्येक दशकं जावी लागली. या आकड्यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण पिंजारी आला नाही, यावर वाद घालता येत नाही. त्याच अहवालात दुसरीही नोंद आहे: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्याबरोबर मागावर बसणाऱ्या मुसलमान विणकरांना वाचवलं. हातात एकच काम असलेल्या माणसांनी एकमेकांना ओळखलं.

रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते. माझ्या आजीचं थरथरणारं बोट खरं होतं. आणि रझाकारांना विरोध करताना मेलेल्यांत मुसलमानही होते, हेही तितकंच खरं. ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान यानं संस्थानानं भारतात सामील व्हावं असं उघड लिहिलं. १९४८ च्या ऑगस्टमध्ये, पोलीस ॲक्शनच्या तीन-साडेतीन आठवडे आधी, रझाकारांनी हैदराबादच्या रस्त्यात त्याला मारलं आणि लिहिता हात तोडला. आमच्याकडच्या मुक्तिदिनाच्या भाषणांत मी त्याचं नाव क्वचित ऐकलं आहे.

आबा त्या दिवशी उठून बाहेर का गेले, याचं उत्तर मी त्यांच्या हयातीत मागितलं नाही. पण हरलेल्याला मोठेपणानं वागवण्याचं ते वाक्य, जे ते एल एद्रूसच्या निमित्तानं पुन्हा पुन्हा म्हणत, ते मला आता वेगळं ऐकू येतं. सेनापतीला सन्मान मिळाला, पिंजाऱ्याला मिळाला नाही, ही त्यांच्या मनातली सल होती असं मी समजतो. निजामाला तर पुढे राजप्रमुख हे पद मिळालं. रझवी काही वर्षं तुरुंगात राहून १९५७ साली पाकिस्तानात गेला. लायक अली त्याआधीच नजरकैदेतून निसटून तिकडे पोचले होते. वर बसलेल्या प्रत्येकाला कुठे ना कुठे जागा मिळाली.

मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. हाली सिक्का गेला, उर्दू कागद गेले. १७ सप्टेंबरला आज आमच्या सगळ्या जिल्ह्यांत झेंडावंदन होतं, शाळेतली पोरं सकाळी प्रभातफेरी काढतात, आणि ते झालंच पाहिजे. उरलेल्या महाराष्ट्रात पुष्कळांना हा दिवस कशाचा तेही ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण आपण स्वतः तो दिवस अर्धाच सांगतो, याचं त्याहून जास्त वाईट वाटतं. विजय आपला होता, तर त्या विजयात जे घडलं त्याची जबाबदारीही आपलीच आहे. एवढं मोठेपण आपल्या लढ्यात नक्की होतं. स्वामी रामानंद तीर्थांसारखा माणूस ज्या लढ्याच्या पुढे होता, त्याला सत्य सांगायची भीती वाटायचं कारण नाही.

तेव्हा जी लेकरं आठ-दहा वर्षांची होती, ती आता नव्वदीच्या आसपास आहेत. जालना, परभणी, बीड, नांदेड, लातूर, धाराशिव, कुठल्याही गावात अशी दोन-चार माणसं अजून असतील. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. नदी कुठल्या उतारानं ओलांडली, पेवात काय होतं, गाडीत कोण कोण होतं, सगळं विचारा. आणि ते सांगून दमले, की आणखी एक प्रश्न विचारा: निजाम शरण आल्यावर तुमच्या गावातून कोण निघून गेलं? नाव आठवत असेल तर तेही त्याच वहीत लिहा.